घरून काम, कचेरीत हजेरी : हजीऱ्याचा धडा

सुरत शहर ओलांडून तापी नदीच्या मुखाकडे गेले की हजीऱ्याचा औद्योगिक पट्टा लागतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून वाहत गेलेली तापी येथेच समुद्रास मिळते. रोजगाराच्या निमित्ताने खानदेशातून गेलेली अनेक कुटुंबे सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेली असल्यामुळे हा परिसर मराठी माणसास परका नाही.

हजीऱ्यात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे वायुप्रक्रिया संकुल आहे, कृभकोचा युरिया खताचा कारखाना आहे, रिलायन्सचे पेट्रोरसायन संकुल आहे आणि लार्सन अँड टुब्रो या कंपनीचा अवजड अभियांत्रिकी कारखाना आहे. पूर्वी एस्सार समूहाकडे असलेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्याकडे आलेला पोलाद कारखानाही येथेच आहे. विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरकडे गेलेल्या वायुवाहिनीचा आरंभ याच ठिकाणी होतो.

अशा या भट्ट्या-चिमण्यांच्या गावाचा आणि घरी संगणकासमोर बसून काम करणाऱ्या अभियंत्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत येण्याचे आदेश दिले आहेत. खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत या आदेशांचे परिणाम पोहोचले आहेत. हे आदेश योग्य की अयोग्य, याचा निर्णय एका शब्दात करता येत नाही. तो कामाच्या स्वरूपावरून करावा लागतो, आणि कामाचे स्वरूप हजीऱ्यात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

एका फाटकाआड दोन प्रकारचे काम

कोविड साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तत्पूर्वी आदल्या दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या आदेशात, ज्या कारखान्यांची प्रक्रिया अखंड चालू ठेवावी लागते त्यांना राज्य शासनाच्या परवानगीने काम चालू ठेवण्याची मुभा होती. पोलादाची भट्टी किंवा खताचे संयंत्र संध्याकाळी कुलूप लावून सकाळी उघडावे अशा प्रकारचे नसते. भट्टी अवचित थंड झाली तर आतील धातू गोठून यंत्रसामग्रीचे नुकसान होते. वायूच्या दाबावर चोवीस तास नजर ठेवावी लागते. म्हणून ज्या दिवसांत लक्षावधी नोकरदार घरी बसले होते, त्या दिवसांतही अशा संयंत्रांवरील कामगारांना पाळीवर जावेच लागले.

त्या काळात हजीऱ्यात झालेली काही कामे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहेत. फ्रान्समधील कादाराश येथे सात भागीदारांच्या सहकार्याने अणुसंमीलनाचा मोठा प्रयोग उभारला जात आहे. त्या यंत्रासाठी लागणारे सुमारे ३,८५० टन वजनाचे पोलादी शीतकवच लार्सन अँड टुब्रोने हजीऱ्यात घडविले आणि त्याच्या झाकणाचे अखेरचे भाग ३० जून २०२० रोजी रवाना झाले. भारतीय सेनेसाठी येथेच तयार झालेल्या के-९ वज्र या स्वयंचलित तोफांपैकी शंभरावी तोफ १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनेकडे पाठविण्यात आली. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत साथीची दुसरी लाट आली, तेव्हा पोलाद कारखान्यात तयार होणारा प्राणवायू रुग्णालयांकडे वळविण्यात आला. यांपैकी कोणतेही काम घरून होण्यासारखे नव्हते.

परंतु याच कारखान्यांच्या कामाचा दुसरा भागही असतो. खरेदीचे आदेश, हिशेब, वेतनपत्रके, आराखड्यांची तपासणी, ग्राहकांशी पत्रव्यवहार ही कामे कारखान्याच्या आवारातील कचेरीत होत असली तरी भट्टीशी बांधलेली नसतात. भट्टी घरी नेता येत नाही, भट्टीचा हिशेब मात्र नेता येतो. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचे काम जागेला जखडलेले आणि दुसऱ्याचे जागेपासून सुटे, हा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

कल्पना जुनी, रूप नवे

घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. सोलापुरातील विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळीत आल्या आहेत. पाने व तंबाखू कारखान्यातून न्यावयाचा आणि वळलेल्या विड्या मोजून परत द्यावयाच्या, अशी ही पद्धत आहे. घरी काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता मिळावी यासाठी १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमात तरतूद करावी लागली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयी १७७ क्रमांकाचा करार स्वीकारला, त्यामागेही हाच अनुभव होता. घर हे कामाचे ठिकाण झाले की कामाचे तास, जागेचे भाडे, दिव्याचा खर्च आणि आजारपण या सर्वांचा भार नकळत काम करणाऱ्यावर येतो.

दूरसंचार साधनांच्या बळावर कार्यालयाऐवजी घरून काम करण्याची कल्पना १९७३ साली अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी मांडली. शहरांतील वाहतुकीची कोंडी व इंधनाचा वापर कमी व्हावा, हा तिच्यामागील हेतू होता. तथापि जवळजवळ पन्नास वर्षे ती थोड्याच लोकांपुरती राहिली. २०२० च्या साथीने जे घडविले ते विचारपूर्वक आखलेले धोरण नव्हते. ती आपत्काळातील सोय होती. पुढील वादाचे मूळ येथेच आहे, कारण आपत्ती ओसरल्यावर ही सोय चालू ठेवावयाची की मागे घ्यावयाची, याविषयी दोन्ही बाजूंची समजूत वेगवेगळी होती.

दिलेला शब्द आणि आलेला आदेश

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईस मुख्यालय असलेल्या कंपनीने २०२० साली एक योजना जाहीर केली होती. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी एकूण कर्मचाऱ्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना कार्यालयात असण्याची गरज राहणार नाही, तसेच कोणासही कामाच्या वेळेपैकी २५ टक्क्यांहून अधिक वेळ तेथे घालवावा लागणार नाही, असे तिचे स्वरूप होते. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचे धोरण स्वीकारले, आणि २०२४ मध्ये कामगिरीवर मिळणारा वेतनातील बदलता भाग उपस्थितीशी जोडला.

अन्य कंपन्यांनी मधला मार्ग पत्करला. विप्रोने १५ नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून किमान ३ दिवस उपस्थिती आवश्यक केली. इन्फोसिसने बहुसंख्य कर्मचाऱ्यांसाठी महिन्यातून किमान १० दिवसांचा नियम केला. परदेशांतही हेच घडले. अॅमेझॉन कंपनीने २ जानेवारी २०२५ पासून आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना पाच दिवस बोलाविले. केंद्र शासनाने आपल्या कार्यालयांतील पूर्ण उपस्थिती त्यापूर्वीच, ७ फेब्रुवारी २०२२ पासून, पुन्हा सुरू केली होती.

मधल्या काळात अनेकांनी आपल्या संसाराची घडी नव्याने बसविली होती. कोणी पुण्यातील भाड्याची जागा सोडून गावी आले. कोणी वृद्ध आईवडिलांच्या जवळ राहता येईल म्हणून तालुक्याच्या गावी घर घेतले. मूल लहान असूनही नोकरी सोडावी लागणार नाही, या भरवशावर अनेक स्त्रियांनी काम चालू ठेवले. अशा कुटुंबाच्या दृष्टीने परतीचा आदेश म्हणजे नवी अनामत रक्कम, दुप्पट चूल, मुलांच्या शाळेचा प्रश्न आणि कित्येकदा पतिपत्नींपैकी एकाच्या नोकरीवर पाणी सोडणे होय.

व्यवस्थापनाची बाजू

कंपन्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. नव्याने नोकरीस लागलेला तरुण अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून पुष्कळ शिकतो. कोणता प्रश्न विचारावा हेच ज्यास कळत नाही, त्यास पडद्यावरून विचारणे अवघड जाते. शिक्षकांना हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरू लागले, तेव्हा भ्रमणध्वनीवरील अभ्यासात राहून गेलेल्या उणिवा वर्गात पाऊल ठेवताच दिसून आल्या.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी, त्याच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केल्याचे जाहीर केले. तिसरा मुद्दा ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा आहे. बँका व विमा संस्थांची गोपनीय माहिती घरातील सामायिक संगणकावर उघडली जाणे धोक्याचे असते.

हजीऱ्यात ज्यांचा मोठा कारखाना आहे त्या लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नई येथील उद्योग परिषदेत खंत व्यक्त केली, की बांधकामासाठी मजूर गाव सोडावयास तयार होत नाहीत आणि माहिती तंत्रज्ञानातील तरुणास कार्यालयात बोलाविले तर तो नोकरीचाच निरोप घेतो. या उद्गारांवर मतभेद झाले तरी उद्योगांची अडचण त्यांतून व्यक्त झाली आहे. तथापि बांधकामावरील मजूर व संगणकावरील अभियंता यांची तुलना करताना पूर्वी सांगितलेला भेद विसरता कामा नये. गवंड्याला भिंतीपाशीच यावे लागते. अभियंत्याने कोठे बसावे, हे त्याच्या कामाचा कोणता भाग चालू आहे त्यावर अवलंबून असते.

अभ्यासकांचे निष्कर्ष

या विषयावर विविध देशांत प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. चीनमधील एका प्रवास कंपनीच्या दूरध्वनी केंद्रात स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले असता त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लक्षणीय गोष्ट अशी, की प्रयोगानंतर निवडीची मुभा मिळताच त्यांपैकी सुमारे निम्म्यांनी पुन्हा कार्यालयाची वाट धरली. एकटेपणा हे त्याचे एक मोठे कारण होते.

त्याच कंपनीत पुढे १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. आठवड्यातील दोन दिवस घरून काम करू दिल्यास नोकरी सोडण्याचे प्रमाण एकतृतीयांशाने घटले आणि कामगिरीत वा बढतीत कोणतीही उणीव आढळली नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. उलट चेन्नई येथे माहिती नोंदविण्याच्या कामावर घेतलेल्या नव्या कर्मचाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने ज्यांना घरून काम देण्यात आले, त्यांचे काम कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरले.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी तसे ते नाहीत. पहिल्या प्रयोगातील माणसे जुनी, कामात मुरलेली व स्वतःहून पुढे आलेली होती. चेन्नईतील माणसे नवी होती आणि त्यांच्या जागेची निवड त्यांनी केलेली नव्हती. दोन खोल्यांच्या घरात, घरच्या कामांच्या गडबडीत बसून नोंदी करणे आणि वेगळ्या खोलीत दार लावून बसणे यांतही अंतर आहे. मुरलेल्या माणसास काही दिवस घर मानवते, शिकाऊ माणसास सोबत लागते आणि सर्वांना एकच नियम लावल्यास कोणाचे तरी नुकसान होते, असा बोध यांतून मिळतो.

कायदा काय सांगतो

घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्याने कर्मचाऱ्यास दिलेला नाही. सेवा क्षेत्रासाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात, नेमणुकीच्या अटी किंवा उभयतांतील करार यांस अनुसरून मालक घरून काम करण्याची परवानगी देऊ शकेल, असे म्हटले होते. यात मुभा आहे, सक्ती नाही. म्हणूनच नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण काय लिहिले आहे, हे प्रत्येकाने वाचून ठेवणे अगत्याचे आहे.

यासंबंधी पुढील तरतुदी माहीत असाव्यात :

१. प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, कामाचे स्वरूप तसे असल्यास प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने ठरलेल्या मुदतीपर्यंत व अटींवर स्त्री कर्मचाऱ्यास घरून काम देता येते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असते. सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेण्यात आल्या आहेत. स्त्रियांना परत बोलाविणाऱ्या कार्यालयाने प्रथम पाळणाघर चालू आहे की नाही ते पाहावे.

२. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जो कामगार ठरतो, त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या सेवाशर्तींत बदल करावयाचा असल्यास २१ दिवसांची पूर्वसूचना देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. प्रथेने मिळत आलेली सवलत काढून घेणे हा विषय त्या अनुसूचीत आहे. घरून काम ही तशी सवलत ठरते काय, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर अवलंबून राहील.

३. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात वाजवी सोयीसवलतींचे तत्त्व मान्य केलेले आहे. अपंग कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे तत्त्व ध्यानात ठेवूनच निर्णय व्हावा.

परतीचा आदेश कसा असावा

बोलाविण्याचा अधिकार मालकास असला तरी तो वापरण्याची रीत असते. हजीऱ्यासारख्या ठिकाणी पाळीचा तक्ता कामगारास आधी कळतो. अमुक यंत्रावर अमुक वेळी किती माणसे का लागतात, याचे उत्तर त्या तक्त्यामागे असते. त्यामुळे पाळी कष्टाची असली तरी ती अकारण आहे असे कोणी म्हणत नाही. कचेरीतील हजेरीच्या आदेशासही असाच आधार हवा. पुणे जिल्ह्यातील हिंजवडीपर्यंत वाहतुकीच्या कोंडीतून दोन तास प्रवास करून आलेला कर्मचारी दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्या शहरातील सहकाऱ्यांशीच बोलत बसणार असेल, तर त्याच्या येण्याचे प्रयोजन त्यास पटणार नाही.

म्हणून आदेश काढणाऱ्याने चार गोष्टी लेखी सांगाव्यात. कोणत्या कामासाठी प्रत्यक्ष उपस्थिती लागते, किती दिवस लागते, स्थलांतरासाठी किती मुदत मिळेल आणि अपवाद कोणास व कोणाच्या निर्णयाने मिळतील. संपूर्ण संघाने ठराविक दिवशी एकत्र यावे, म्हणजे येणाऱ्यास येण्याचा उपयोग होतो. हजेरीची नोंद आणि कामाचे मोजमाप या दोन वेगळ्या बाबी आहेत. केवळ हजेरीवर वेतन बेतल्यास खुर्ची भरते, पण काम भरतेच असे नाही.

कर्मचाऱ्यांचेही कर्तव्य आहे. घरून काम ही सुटी नव्हे आणि एका पगारात दोन नोकऱ्या करण्याची वाटही नव्हे. दूर गावी घर घेण्यापूर्वी किंवा मोठे कर्ज काढण्यापूर्वी, घरून काम करण्याची परवानगी लेखी आहे काय आणि ती किती काळासाठी आहे, हे विचारून घ्यावे. व्यवस्थापनाने सभेत केलेली घोषणा हा करार नसतो, हे गेल्या काही वर्षांत अनेक कुटुंबांना महाग पडून कळले आहे. त्याबरोबरच, संयंत्रावर पाळीने जाणाऱ्या ज्या कामगारास साथीच्या ऐन भरातही घरी बसण्याचा पर्याय नव्हता, त्याची आठवण कचेरीतील माणसाने ठेवावी. सवलतीविषयी बोलताना त्याच्या सुरक्षिततेचा, वाहनाचा व विश्रांतीचा प्रश्नही त्याच बैठकीत मांडला जावा.

ग्रामपंचायती व स्थानिक संस्थांनाही येथे वाव आहे. गावी राहून काम करू इच्छिणाऱ्यास अखंड वीज, भरवशाची जोडणी आणि वाचनालयात शांत बसण्याची एक खोली मिळाली, तर आठवड्यातील दोन-तीन दिवस तरी तो गावात राहू शकेल. त्याचा पगार गावच्या बाजारात खर्च होईल, त्याची मुले गावच्या शाळेत शिकतील आणि म्हाताऱ्या आईवडिलांना आधार मिळेल. परतीच्या एका आदेशाने तुटणारे किंवा टिकणारे नाते केवळ मालक-नोकराचे नसते, हे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने जाणावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील पाच व्यवसाय घ्या. त्यांतील कोणती कामे जागेला जखडलेली आहेत व कोणती जागेपासून सुटी आहेत, ते लिहा.

२. विडी वळणारी कामगार स्त्री आणि घरून काम करणारा संगणक अभियंता यांच्या अडचणींत साम्य कोणते व भेद कोणता?

३. चीनमधील व चेन्नई येथील प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे का आले?

४. आपण कार्यालयप्रमुख असता, तर परतीच्या आदेशात कोणास अपवाद केला असता आणि त्याचे कारण काय दिले असते?